कोयना नावाची भेग

"मालन, ती गिरणी बंद कर आधी! घसा बसला माझा ओरडून."

जानेवारीतली सकाळ होती, जालिंदर उंबऱ्याबाहेर उभा होता. पंचायत समितीवर निवडून आल्यापासून त्यानं गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. म्हणे कपड्यांना पीठ लागतं. पांढऱ्या कपड्यांवर पांढरं पीठ कुणाला दिसणार होतं देव जाणे, पण सदस्यसाहेबांचा थाट! मी बटण दाबलं, गिरणी घरघरत थांबली.

"हं, बोल. काय आग लागली?"

"तोंड गोड कर आधी माझं. बुधवारी साहेब येतोय. बांधकामाचा इंजिनेर. आपली शाळा बघायला."

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं. "खरं सांगतोस?"

"तुझी शपथ. साहेबानं बघितलं, पास केलं, की मे महिन्याच्या सुट्टीत काम सुरू. दोन्ही खोल्या. नवं छप्पर, नव्या भिंती, फरशी सुद्धा."

मला रडूच फुटलं. हसू नका. आमच्या बोरजाईवाडीच्या शाळेच्या त्या दोन खोल्यांसाठी मी तीन वर्षं अर्जावर सह्या करत होते. शाळा समितीची अध्यक्ष होते मी. पिठाची गिरणी चालवणारी, सातवी पास बाई अध्यक्ष कशी, असं कुणी विचारलं तर मी सांगायची, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. पण खरं कारण घरात होतं. माझी वैजू तेव्हा चौथीत होती. खोल्या नीट झाल्या तर पाचवी ते सातवी वाडीतच राहणार होती. नाही झाल्या तर गुरुजी म्हणाले होते, ते वर्ग बंद करून पोरं पांढरमाळला पाठवावी लागतील. पांढरमाळ म्हणजे ओढा ओलांडून चार किलोमीटर, सगळी वाट उसातनं. पोरगे गेले असते. पोरींना कोण पाठवतंय! मी स्वतः सातवी झाले ती शाळा दारात होती म्हणून. शाळा चौथीपर्यंत असती तर मी चौथीच राहिले असते, आणि आज तुम्हाला हे सांगायला माझ्याकडं ही भाषाही नसती.

"पण एक ध्यानात घे," जालिंदर म्हणाला. "साहेब लई कडक हाय. गबाळी शाळा दिसली की तिथनंच गाडी फिरवतो. म्हणतो, ज्या गावाला शाळेची माया न्हाई त्यांना सरकारनं का द्यावं? तवा शाळा कशी नवरीवाणी दिसली पाहिजे. भेगा बुजवून घ्या. रंग मारून घ्या. सिमेंटचं पोतं अन् रंगाचे डबे मी धाडतो. तू बायका गोळा कर. तुझं ऐकत्यात त्या."

मी काही अगदीच बावळट नव्हते. मी विचारलं, "अरे, पण भेगा बुजवल्या तर साहेबाला दिसायचं काय?"

तो हसला. "इंजिनेर हाय तो मालन. भिंतीवर बोट वाजवलं की त्याला कळतं. डॉक्टरला पोटातलं कळतं ते काय पोट फाडून?"

पटलं मला. जालिंदरचं मला सगळंच पटायचं. त्याला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. दुसरीत असताना आमच्या आयांनी त्याला पाटावर बसवून माझ्या हातानं त्याला पहिली राखी बांधवली. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. माझं सासर वाडीतच, खालच्या आळीला, त्यामुळं राखीला सकाळी सकाळी तो हजर असायचा. माझे वडील गेले तेव्हा खांदा त्यानं दिला. गिरणीला कर्ज मिळेना तेव्हा बँकेत जामीन तो राहिला. त्या माणसाचं बोलणं मी तपासून घ्यायचं होतं का? आज म्हणते, घ्यायचं होतं. त्या दिवशी मी त्याच्या हातावर गूळ ठेवला.

रविवारी आम्ही अठरा बायका शाळेत गेलो. कुणी घमेलं आणलं, कुणी कुंचा, कुणी नुसतंच तोंड घेऊन आली आणि दिवसभर ते वापरत बसली. फुलाबाई माझी शेजारीण. तिची प्रतीक्षा माझ्या वैजूच्याच वर्गात. ती सगळ्यांच्या आधी शिडीवर.

"मालन, खरंच होईल का गं शाळा?"

"होईल म्हणजे? झालीच म्हण."

"मग माझी प्रतीक्षा सातवी होईल. आमच्या घराण्यात पहिली." असं म्हणून तिनं कुंचा असा काही फिरवला की खालच्या चौघी पिवळ्या झाल्या. हसून हसून पुरेवाट!

लोहार गुरुजी तेवढे दारात घुटमळत होते. भला माणूस, पण मोठ्यानं बोलायचा नाही. "मालनताई, मला आपलं वाटतं, ती मोठी भेग तरी तशीच ठेवावी. पाहणीला येतायत तर..."

त्या मोठ्या भेगेला वाडीत सगळे कोयना म्हणत. पाचवीच्या वर्गात छपरापासून खाली जमिनीपर्यंत वाकडीतिकडी उतरलेली. आमच्या वेळचे गुरुजी नकाशातली नदी दाखवायचे आणि म्हणायचे, ही बघा, आपल्या भिंतीवर पण आहे. तेव्हा ती सुतळीएवढी होती. मी आणि जालिंदर तिच्यात पेन्सिलीचे तुकडे कोंबायचो. आता तिच्यात माझा पंजा जायचा.

"गुरुजी," मी त्यांना बाहेर नेऊन म्हटलं, "तुम्ही तीन वर्षं अर्ज लिहिले. मोत्यासारखं अक्षर. काय झालं? कुत्रं सुद्धा फिरकलं नाही. जालिंदर साहेबांच्यात उठतो-बसतो. तो सांगतोय तसं करू द्या."

 मी त्यांना गप्प केलं, हे मी विसरत नाही.

कोयना मी माझ्या हातानं बुजवली. आधी विटांचे तुकडे, मग सिमेंट. थापीनं आत जाईना म्हणून बोटांनी दाबून दाबून भरलं. संध्याकाळी नखं दुखत होती, बोटं सोलली होती; जालिंदर घरी आला तेव्हा त्यानं त्यांच्यावर फुंकर घातली. वर पिवळ्या रंगाचे दोन हात. तुळयांना वाळवी लागलेली, त्यांना काव फासली. आणि मुलांनी केलेल्या पताका त्यांच्यावरनं सोडल्या. खरं सांगते, शाळा इतकी सुरेख दिसायला लागली की आम्ही जाताना मागं वळून वळून बघत होतो.

बुधवारी साहेब अकराला येणार होते ते दोनला आले. त्या दिवशीची त्यांची ती चौथी शाळा. माणूस कडक वगैरे काही दिसला नाही. दमलेला, घामानं भिजलेला, हातात छापील तक्ता. जालिंदरनं शाल घातली, नारळ दिला. आम्ही ओवाळलं. मग साहेब खोलीत शिरले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "हं. भेगा कुठे आहेत?"

गुरुजींनी भिंतीकडं हात केला. "इथे होती, सर."

"होती?"

"बुजवली आहे, साहेब," मी पुढं झाले. "आत तशीच हाय. माझा पंजा जात होता त्यात. तुम्ही जरा बोट वाजवून बघा की."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी वेडंवाकडं बोलले. "बाई, मला जे दिसतं ते लिहायचं असतं. आणि त्याचा फोटो जोडायचा असतो. आतलं मी कसं लिहू?"

 मी जालिंदरकडं बघितलं. कोपऱ्यात थापी पडली होती, ती मी उचलली. "थांबा, आत्ता खरवडून दाखवते."

जालिंदरनं माझा हात धरला. अगदी मायेनं धरला. "मालन, पाहुण्यांसमोर धुरळा करतीस का? राहू दे. मी जेवताना बोलतो साहेबांशी. सगळं सांगतो." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, आमच्या माउल्यांनी स्वतःच्या हातानं शाळा सजवली बघा. एक फोटो होऊन जाऊ द्या!"

मी थापी खाली ठेवली. आम्ही अठराजणी कोयनेच्या पुढं ओळीनं उभ्या राहिलो आणि फोटो काढून घेतला. मी मधोमध होते. हसत होते.

मार्चअखेरीस यादी लागली. आमच्या भागातल्या एकाच शाळेला निधी मिळाला होता, पांढरमाळच्या. जालिंदर स्वतः सांगायला आला. या वेळी उंबरा ओलांडून गिरणीत आला, पोत्यावर बसला.

"वरनंच कापलं गं. मी लई भांडलो. पुढच्या वर्षी बघू."

"साहेबाला जेवताना बोललास ना तू?"

"बोललो की. पण त्यानं लिवलं ते लिवलं. इमारत सुस्थितीत." मग म्हणाला, "आपलंच चुकलं म्हण. जरा जास्तच रंगवली आपण."

आपलंच चुकलं! महिनाभर मी ते शब्द डोक्यात घेऊन फिरले.  फुलाबाई दळण घेऊन आली की मी मान वर करत नव्हते. शेवटी एप्रिल संपायला दोन दिवस असताना मी पदर खोचला, गुरुजींकडनं अर्ज लिहून घेतला आणि एकटीच तालुक्याला गेले. म्हटलं, पाया पडते, फेरपाहणी करा म्हणते. चुकलं तर चुकलं, सुधारते.

बांधकामाच्या कचेरीत एक वयस्कर बाई क्लार्क होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. "फेरपाहणी होत नाही हो आता. पण मला एक कळत नाही. तुम्हाला पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, तरी रंगवलीत कशाला?"

"कसलं पत्र, बाई?"

"सगळ्या शाळांना गेलं होतं." त्यांनी फाईल उघडून कार्बन कॉपी माझ्यापुढं सरकवली. मी बोट ठेवून वाचलं. पाहणी होईपर्यंत इमारतीचा नादुरुस्त भाग आहे त्या स्थितीत ठेवावा, भेगा बुजवू नयेत, रंगरंगोटी करू नये. जास्त धोकादायक इमारतीस प्राधान्य दिले जाईल. मी दोनदा वाचलं. सातवीपर्यंत शिकले ते हे वाचायला, असं झालं मला.

"आम्हाला आलंच न्हाई हे. गुरुजींना विचारा. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला रंगवू दिलं असतं का?"

"असं कसं?" बाईंनी जावक रजिस्टर काढलं. आमच्याकडं कागद टपालानं येत नसत. वाडीतलं कोण तालुक्याला आलं की त्याच्याच हाती देत आणि रजिस्टरला सही घेत. वर्षानुवर्षं तीच रीत. कधी कुणी कागद गहाळ केला नव्हता. बाईंनी पान उलटून बोट ठेवलं. "हे बघा. गुरुवारी दिलंय. हातोहात."

सही वाचावी लागली नाही. जालिंदरच्या सहीच्या शेवटी मोठा फराटा असतो. शाळेत असताना पाटीवर मारायचा तसाच. गुरुवारी त्यानं पत्र घेतलं होतं आणि शुक्रवारी सकाळी तो माझ्या गिरणीच्या दारात उभा होता. रंगाचे डबे धाडतो म्हणत.

त्या बाईंनी मला पाणी दिलं. मी प्याले की नाही ते आठवत नाही.

घरी आले, दुसरा दिवस तसाच काढला. म्हटलं चूक झाली असेल, विसरला असेल, खिशात राहिलं असेल. किती कारणं शोधली मी त्याच्यासाठी! तिसऱ्या दिवशी दुपारी, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या घरी गेले. सुनंदावहिनींनी चहा टाकला. तो ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता.

"जालिंदर, शाळेचं पत्र कुठं हाय?"

"कसलं..." म्हणाला आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबला. वर्तमानपत्राची घडी घातली. वहिनींना म्हणाला, "तू जरा आत बस."

 वहिनी आत गेल्या तसा तो म्हणाला,

"पांढरमाळमध्ये हजार मतं हायत मालन. आपल्या वाडीत दोनशे दहा. मी निवडून आलो ते त्यांच्यामुळं. निवडणुकीतच शब्द दिला होता त्यांना शाळेचा."

"मग मला सांगायचं. यंदा जमत न्हाई म्हणायचं."

"तुला? तू गप बसली असतीस? आणि साहेबानं कोयना बघितली असती तर त्यांची शाळा आपल्या मागं पडली असती. त्यांचं नुसतं छप्पर गळतंय. आपली तर..." तो थांबला.

"आपली तर पडायला आली हाय. म्हण की."

त्यानं वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली.

"तुला न्हाई म्हणायचा धीर झाला न्हाई, जालू. म्हणून माझ्याच हातानं माझ्या पोरीची शाळा झाकून घेतलीस. सिमेंट बी तूच दिलंस." माझा आवाज फाटला. "अरे, बोटं सोलली होती माझी! तू फुंकर घातली होतीस त्या दिवशी!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. त्यानं हात जोडले. "चुकलं माझं. उद्या एक मे, ग्रामसभा हाय. मी सगळ्यांसमोर सांगतो. पत्र माझ्याकडं होतं, दोष माझा, बायकांचा न्हाई. पुढच्या यादीत पहिलं नाव आपलं घालायचा ठराव करून घेतो. फक्त आजचा दिस कुणाला बोलू नकोस. मला माझ्या तोंडानं सांगू दे."

मला वाटलं, सख्ख्या भावानं तरी याहून काय केलं असतं? चुकला, पण कबूल करतोय. मी चहा प्याले आणि घरी आले. आमच्या मालकांनी विचारलं, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, डोकं दुखतंय. नवऱ्याला सुद्धा सांगितलं नाही.

एक मेला झेंडावंदन झालं की ग्रामसभा शाळेतच भरते. पाचवीचा वर्ग सगळ्यात मोठा, म्हणून तिथंच. टेबल मांडलं होतं, मागं पिवळीधमक भिंत. सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी आणि मधल्या खुर्चीत जालिंदर. बरोबर कोयनेच्या पुढं. बायका एका बाजूला खाली बसलेल्या. आमच्या अठराजणींपैकी बहुतेक होत्या.

शाळेचा विषय निघाला तसा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "निधी का गेला म्हणं आपला?"

जालिंदर उभा राहिला. मी पदर सावरून बसले. मनात म्हटलं, बोल बाबा. मी आहे.

"मंडळी," तो म्हणाला, "मी निधी आणायला जंग जंग पछाडलं. पण आपल्या माता-भगिनींनी प्रेमापोटी, उत्साहाच्या भरात शाळा रंगवून टाकली. भेगा बुजवल्या. साहेबाला भिंत चांगली दिसली. आता त्यांना काय ठाऊक, बिचाऱ्यांना. नियम मला विचारला असता तर मी सांगितला असता. असू द्या. त्यांना कुणी दोष देऊ नका."

दोष देऊ नका म्हणाला! टाळी सुद्धा पडली कुठंतरी.

मला आधी कळलंच नाही की मी उभी राहिलेय. "पत्राचं सांग," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. अगदी शांतपणे. "कसलं पत्र?"

काल याच शब्दावर तो अडला होता. आज अडला नाही.

"रंगवू नका म्हणून आलेलं पत्र. कचेरीत तुझी सही हाय त्याच्यावर. मी बघून आले."

"मालनताई," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला ताई म्हटलं, "मी दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करतो. एखादं गुरुजींकडं दिलं असंल. गुरुजी, तुम्हाला आठवतंय का काही?"

गुरुजी पांढरे पडले. दोन वर्षांवर आलेली त्यांची निवृत्ती मला त्यांच्या तोंडावर दिसली. ते खाली बघत राहिले.

आमचे मालक लांबून खुणावत होते, बस खाली. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. बाईमाणूस, पराचा कावळा करतीय. आणि मग माझ्या शेजारून फुलाबाईचा आवाज आला. भांडणाचा नव्हता. खरंच विचारत होती ती.

"पण मालन, रंगवा म्हणून तर तूच सांगितलंस ना गं आम्हाला?"

हो. मीच सांगितलं होतं. त्याचं नाव मी त्यांना सांगितलंच नव्हतं. साहेबाला आवडतं म्हटलं, चला म्हटलं, आणि त्या आल्या. जसा मी त्याच्यावर भरवसा ठेवला तसा त्यांनी माझ्यावर. आता अठराजणी माझ्याकडं बघत होत्या आणि मी कुणाकडं बोट दाखवत होते? ज्याच्याजवळ वाडीला सगळी कामं घेऊन जावं लागतं त्याच्याकडं. हातात एक कागद नाही.

दाराशी शाळेची घंटा टांगलेली असते. ती वाजवायचा लोखंडी दांडा खिळ्याला होता. तो मी घेतला आणि टेबलाला वळसा घालून भिंतीशी गेले.

"अगं ए, काय करतीस?" सरपंच ओरडले.

"साहेबाला दाखवायचं राहिलं होतं ते दाखवतेय."

पहिल्या घावाला रंगाचा पापुद्रा गेला. दुसऱ्याला सिमेंट हललं. मी मारत राहिले. जालिंदरच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा धुरळा बसत होता, तो खुर्ची सरकवून उठला. मला कुणी धरलं नाही. घाबरले असतील. हाताएवढा तुकडा निघून खाली पडला. त्याच्यावर माझ्या बोटांच्या खुणा होत्या, मी दाबून भरलेल्या. मग आतल्या विटा ढासळल्या आणि भिंतीतनं पलीकडचं मैदान दिसायला लागलं. तिकडं पोरं लेझीम घेऊन उभी होती. त्यांच्यात माझी वैजू आणि प्रतीक्षा. दोघी भोकातनं आत बघत होत्या.

"मोजा ही भेग," मी म्हटलं. "आता मोजा कुणाला मोजायचंय ते."

सगळी सभा उठून बाहेर पळाली, भिंत अंगावर येईल म्हणून. चार महिने त्याच भिंतीला टेकून पोरं बसवली होती त्यांनी. जालिंदर सगळ्यात पुढं होता.

पुढचं थोडक्यात सांगते. गुरुजींनी त्याच दिवशी दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं. निधी आला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. जूनपासून पाचवी ते सातवी पांढरमाळला गेली, नव्या छपराच्या, नव्या फरशीच्या शाळेत. दारातल्या कोनशिलेवर जालिंदरचं नाव आहे. वाडीतल्या अकरा पोरी होत्या, तीन गेल्या. वैजू गेली, कारण मी रोज सकाळी गिरणी बंद ठेवून तिला उसातनं सोडायला जायची आणि संध्याकाळी आणायला. आज ती नर्स आहे. प्रतीक्षा घरी बसली. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न लावलं. तिला पण घेऊन जाते म्हणून मी तीनदा फुलाबाईच्या दारात गेले होते. ती म्हणाली, "नको बाई, तुझ्या भरवशावर एकदा झालं." फुलाबाई अजून माझ्याकडंच दळायला येते. डबा ठेवते, जाते. पूर्वी तासभर बसायची.

त्या वर्षी राखीपौर्णिमेला जालिंदर आला. मला वाटलं नव्हतं येईल. सकाळी सकाळी, हातात नारळ, साडीचं पुडकं. गिरणी चालू होती. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, आत आला. पिठात. शर्टाची बाही वर सारली आणि मनगट पुढं केलं. 

राखी मी आणून ठेवली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आठ दिवस आधी बाजारातनं आणली होती, सवयीनं की कशानं ते ठाऊक नाही. देव्हाऱ्यापाशी ठेवलेली होती. मी त्या मनगटाकडं बघितलं. मला माझा हात धरणारा तो हात दिसला, पाहुण्यांसमोर धुरळा करतीस का म्हणणारा.

"हात पिठाचे हायत माझे," मी म्हटलं. "धुतले की बोलावते."

त्यानं बाही खाली केली. मग नारळ आणि पुडकं पोत्यावर ठेवून गेला. मी पुढचं दळण ओतलं.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मी अजून बोलावलेलं नाही.